क्रियापदाआधीचा 'टू'

इंग्रजीच्या तासाला मराठी मुलांना काही वाक्ये पाठच करावी लागतात. 'आय वाँट टू गो' बरोबर, 'आय कॅन टू गो' चूक. 'शी मेड मी क्राय' या वाक्यात 'टू' चालत नाही. तेच कर्मणी केले की 'आय वॉज मेड टू क्राय' म्हणताना तो लागतोच. 'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' लिहिले की वहीवर लाल रेघ. का, असे विचारले तर 'तसा नियमच आहे' एवढे उत्तर मिळते. ते मला कधीच पुरेसे वाटले नाही. यातल्या बहुतेक नियमांना कारण आहे, आणि ते हजार वर्षांमागे जाऊन शोधावे लागते.

अँग्लो-सॅक्सन काळातल्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाला 'टू' लागत नसे. रूप कोणते ते शेवटच्या प्रत्ययावरून कळे. 'गाणे' या अर्थी 'सिंगन', त्यातला 'अन' हा प्रत्यय. याच्या जोडीला दुसरे एक रूप होते, 'टो सिंगेन्ने'. यातला 'टो' म्हणजे 'कडे', 'प्रत' असा दिशा दाखवणारा खराखुरा शब्द. गावाकडे जावे तसे गाण्याकडे जायचे. म्हणजे गाण्याच्या हेतूने.

मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. 'गायला गेली' म्हणताना आपण क्रियापदाला जो 'ला' जोडतो, तोच 'पुण्याला गेली' मध्ये आहे. संस्कृत शिकताना 'गन्तुम्' सारख्या रूपांना हेत्वर्थक तुमन्त म्हणतात. तेही मुळात क्रियावाचक नामाचे द्वितीयेतले रूप. दिशेवरून हेतूकडे जाणारी ही वाट अनेक भाषांनी स्वतंत्रपणे धरली आहे.

पुढे इंग्रजीचे प्रत्यय झिजत गेले. 'अन'चा 'एन' झाला, 'एन'चा नुसता 'ए' उरला, आणि चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्यानंतरच्या शतकात तो उच्चारातूनही गेला. आता मूळ रूप आणि वर्तमानकाळातले रूप यांत बहुतेक ठिकाणी फरक राहिला नाही. ओळख पटवायला काहीतरी खूण हवी होती, ती 'टू'ने पुरवली, असे पुस्तकांत सांगितले जाते. मला हे स्पष्टीकरण अर्धे वाटते. बेटेलू लॉस या भाषाभ्यासक विदुषीने 2005 साली या विषयावरच्या आपल्या ग्रंथात दाखवले की 'टू'ची खरी चढाई बिन-'टू'च्या रूपावर नव्हती. 'त्याने यावे असे मी सांगितले' या घाटाची जी लांब, 'दॅट'ने जोडलेली वाक्ये होती, त्यांची जागा 'टू'वाल्या छोट्या रचनेने घेतली. ही वाढ प्रत्यय पुरते झिजण्याआधीच सुरू झाली होती. नुसत्या झिजेने ती समजत नाही.

या चढाईत काही जुनी ठाणी मात्र पडली नाहीत. 'कॅन', 'मे', 'शॅल', 'मस्ट' ही क्रियापदे प्राचीन काळापासून बिन-'टू'चे रूप घेत आली आणि तशीच राहिली. 'ऑट'ची गोष्ट वेगळी. ते 'ओ', म्हणजे देणे लागणे, याचे जुने भूतकाळी रूप. देणे लागतो ते काहीतरी करण्याचे, म्हणून त्याच्यामागे 'टू' आला आणि टिकला. 'मेक'पुढे मध्ययुगात दोन्ही रूपे चालत. कर्तरीत आज बिन-'टू'चे उरले आणि कर्मणीत 'टू'वाले. शाळेतला तो विचित्र वाटणारा नियम म्हणजे या जुन्या दुहेरी चालीचा अवशेष.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यापुढचे. 'टू' सगळीकडे वापरला जाऊ लागला तसा त्यातला हेतूचा अर्थ पातळ झाला. मग हेतू ठसवायला लोकांनी त्याच्याआधी आणखी एक शब्द लावला, 'फॉर टू'. चॉसरच्या काळात हे सर्रास होते, 1611च्या बायबलातही ते ठिकठिकाणी दिसते. प्रमाण इंग्रजीने नंतर ते टाकले, पण बेलफास्टच्या बोलीत ते जिवंत आहे. प्रमाण भाषेची गरज काही संपली नव्हती, म्हणून सतराव्या शतकापासून 'इन ऑर्डर टू' रुळले. जर्मनने 'झू'आधी 'उम' लावला, डचने 'ते'आधी 'ओम', डॅनिशने 'ॲट'आधी 'फॉर'. आपणही 'भाजी आणायला गेलो' यात हेतू पुरेसा ठळक वाटला नाही की 'भाजी आणण्यासाठी गेलो' म्हणतोच.

'फॉर टू' गेल्यावर इंग्रजीत एक दार जवळजवळ बंद झाले. फ्रेंचमध्ये 'सां'पुढे, म्हणजे 'शिवाय'पुढे, क्रियापदाचे मूळ रूप सरळ येते. इंग्रजीत 'विदाऊट टू गो' म्हणता येत नाही. 'अबाऊट टू गो' सारखे थोडेच अपवाद. त्या जागी 'इंग'चे रूप आले. ते आधी निव्वळ नाम होते; मध्ययुगात हळूहळू क्रियापदाप्रमाणे स्वतःचे कर्म घेऊ लागले आणि शब्दयोगी अव्ययांच्या पुढची जागा त्याने व्यापली.

आता ती लाल रेघ समजते. 'लुकिंग फॉरवर्ड टू' मधला 'टू' क्रियापदाची खूण झालेलाच नाही. तो अजून दिशाच दाखवतो, 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' म्हणतो तसा. म्हणून पुढे 'मीटिंग' हवे. 'आय यूज्ड टू गो' आणि 'आय ॲम यूज्ड टू गोइंग' यांतला भेदही हाच. पहिल्यात खूण, दुसऱ्यात दिशादर्शक. मुलांना ही एक ओळख करून दिली तर पाठांतराची निम्मी यादी गळून पडेल, असे मला मनापासून वाटते. 'टू'पुढे नाम ठेवून पाहायचे. ते बसले तर क्रियापदाला 'इंग' लावायचे.

खूण झालेला 'टू' क्रियापदाला किती चिकटून असावा यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. 1864 साली हेन्री ॲल्फर्ड या धर्मगुरूने दोघांमध्ये क्रियाविशेषण घालण्याला हरकत घेतली, आणि कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी तो दंडक केला. चौदाव्या शतकातले लेखक मात्र मध्ये शब्द घालत होतेच. दंडकाला जुन्या वहिवाटीचा आधार नव्हता.

बोलणाऱ्यांनी 'टू'ला चिकटवले ते दुसऱ्याच बाजूला. 'गोइंग टू' आधी पायांनी जाण्याविषयी होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ते भविष्याकडे वळले आणि आज बोलण्यात त्याचे 'गॉना' झाले, जसे 'वाँट टू'चे 'वाना'. इथे 'टू' आधीच्या शब्दात विरघळला आहे. पण पुढे क्रियापद असेल तरच: 'आय ॲम गॉना ईट' कोणीही म्हणतो, 'आय ॲम गॉना लंडन' कोणीच म्हणत नाही. लंडनला जाताना 'टू' स्वतंत्र लागतो.