चौहान, राजेश
(१९ डिसेंबर १९६६ – ). भारतीय कसोटी क्रिकेटपटू. उजव्या हाताचे ऑफस्पिनर. जन्म रांचीचा, पण नाव जोडले गेले ते रायपूरशेजारच्या भिलाईशी. भिलाई ज्यात येते ते छत्तीसगढ राज्य २००० मध्ये झाले, त्यामुळे रणजी करंडकात ते मध्य प्रदेशकडूनच खेळले. छत्तीसगढला भारतीय क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले, तोवर त्यांची कारकीर्द कधीच आटोपली होती.

जानेवारी १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध ईडन गार्डन्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले. अनिल कुंबळे, व्यंकटपती राजू आणि चौहान या त्रिकुटाने ती मालिका ३–० अशी जिंकून दिली. बळींचा मोठा वाटा कुंबळेंचा. चौहान दुसऱ्या टोकाने धावा रोखत. विनोद कांबळीच्या २२४ धावांसाठी लक्षात राहिलेली वानखेडेवरची कसोटी याच मालिकेतली.

दशकाच्या मध्यावर त्यांच्या शैलीविषयी कुजबुज सुरू झाली : चेंडू टाकताना कोपर सरळ होते, म्हणजे गोलंदाजी फेकी आहे. कोपराला पंधरा अंशांची मोकळीक देणारा सरसकट नियम २००५ मध्ये आला. त्याआधी निवाडा बराचसा पंचांच्या नजरेवर चाले, आणि एकदा घेतलेली शंका पुसायला गोलंदाजाच्या हाती फारसे काही नसे. चौहान संघाबाहेर गेले.

१९९७ मध्ये ते परतले, तेही नेमके कोलंबोच्या त्या सपाट खेळपट्टीवर. श्रीलंकेने ६ बाद ९५२ असा डोंगर रचला. मुंबईकर नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला, पण पुढचा बळी मिळेपर्यंत दोन दिवस उलटले. चौहान यांनी ७८ षटकांत २७६ धावा मोजून एक बळी मिळवला.

पुढच्याच महिन्यात, ३० सप्टेंबरला, कराचीच्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी अखेरच्या षटकात सकलेन मुश्ताकला षटकार मारला. समोर रॉबिन सिंग होते. २६६ धावांचे लक्ष्य भारताने तीन चेंडू राखून गाठले. बळींवर पोट असलेल्या माणसाची ओळख एका फटक्यावर ठरावी, हे थोडे अन्यायाचेच. पण त्या काळच्या प्रेक्षकाला चौहान म्हटले की आजही तोच षटकार आठवतो.

एकूण २१ कसोटींत ४७ बळी, सरासरी चाळिशीच्या जवळ. ३५ एकदिवसीय सामन्यांत २९ बळी. आकडे बेताचेच. तरी एक विक्रम विलक्षण आहे : त्यांच्या २१ कसोटींपैकी भारताने १२ जिंकल्या, ९ अनिर्णित राहिल्या, हरली एकही नाही. श्रेय अर्थातच कुंबळे, तेंडुलकर, अझरुद्दीन यांचेही. शिवाय यातले बहुतेक विजय घरच्या फिरकीधार्जिण्या खेळपट्ट्यांवरचे.

शेवटची कसोटी मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पुन्हा ईडन गार्डन्सवरच. भारत डाव आणि २१९ धावांनी जिंकला. पाठोपाठच्या बंगळूर कसोटीत चौहान नव्हते. तिथे हरभजन सिंग या नव्या ऑफस्पिनरने पदार्पण केले आणि सामना ऑस्ट्रेलियाने आठ गडी राखून जिंकला.