हेज, हेलन
(१० ऑक्टोबर १९०० – १७ मार्च १९९३). श्रेष्ठ अमेरिकन रंगभूमी व चित्रपट अभिनेत्री. जन्म वॉशिंग्टन डी. सी. येथे. मूळ नाव हेलन हेज ब्राउन. बालपणीच तिने रंगभूमीवर पाऊल ठेवले आणि १९०९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली. ‘कॉकेट’ (१९२७) या नाटकाने तिला मोठा लौकिक मिळवून दिला. १९२८ मध्ये नाटककार चार्ल्स मॅकआर्थर यांच्याशी तिचा विवाह झाला.

लॉरेन्स हाउसमनलिखित ‘व्हिक्टोरिया रेजिना’ (१९३५) मधील राणीची भूमिका तिच्या कारकिर्दीचा कळस ठरली. ठेंगणी चण असूनही तरुण राणीपासून वृद्ध सम्राज्ञीपर्यंतचा प्रवास तिने आवाज, चाल व मुद्राभिनयातील सूक्ष्म बदलांतून जिवंत केला. ‘द सिन ऑफ मॅडलन क्लॉडेट’ (१९३१) व ‘एअरपोर्ट’ (१९७०) या चित्रपटांसाठी तिला ऑस्कर पुरस्कार लाभले. एमी, ग्रॅमी व टोनी हे सन्मानही मिळवून चारही क्षेत्रांत पुरस्कार पटकावणारी ती पहिली स्त्री ठरली.

१९४९ मध्ये तिची कन्या मेरी पोलिओने दगावली. त्यानंतर पोलिओविरोधी निधिसंकलनासाठी तिने मनापासून काम केले. दम्यामुळे १९७१ मध्ये तिने रंगभूमी सोडली. चित्रपट व दूरचित्रवाणीवरील काम मात्र चालू राहिले. १९८६ मध्ये तिला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हे पदक प्रदान झाले. न्यूयॉर्क राज्यातील नायक येथे तिचे निधन झाले.