शनवार तेल्यांची चाल

शनिवारी तेल विकत आणू नये, असं आमच्या लातूर-नांदेडकडच्या घरांतून अजूनही ऐकू येतं. मारुतीला आणि शनीला तेल वाहायचं, पण दुकानातून घरी आणायचं नाही! का, असं विचारलं तर "तशी चाल आहे" एवढंच उत्तर मिळतं. आज मात्र शनिवारची आणि तेलाची जी गोष्ट सांगणार आहे तिचा शनीशी काही संबंध नाही. ती कोकणातली आहे आणि आमच्या मराठवाड्यात फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून ह्या वीकएंडला लिहायला घेतली.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात (म्हणजे आताच्या रायगडात) अलिबाग, रोहा, पेण, पनवेल ह्या भागात गावोगाव तेल गाळणारी काही घरं होती. बोली मराठी, बायकांना लुगडी, आडनावं गावांवरून पडलेली : किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर. पण शनिवारी ह्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारीपाजारी त्यांना "शनवार तेली" म्हणत. सोमवार शंकराचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे ते "सोमवार तेली". लातूरकडच्या लिंगायत वाचकांना सोमवारचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. गावाच्या लेखी दोन्ही प्रकार सारखेच, ज्याचा त्याचा वार! शनवार तेली मात्र स्वतःला बेने इस्राएल म्हणवत, म्हणजे इस्राएलची लेकरं. ते ज्यू होते.

आता थोडं ज्यू धर्मशास्त्राबद्दल. हिब्रूत त्याला "हलाखा" म्हणतात आणि तो शब्द "चालणे" ह्या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच सरळ बसलो. कारण मराठीतही रीतीला आपण "चाल" म्हणतो. चालीरीती, चाल पाडणे, चालत आलेलं. म्हणजे हलाखा हा नुसता कायदा नाही, तर रोज चालायची वाट आहे. सकाळी उठल्यावर काय म्हणायचं, ताटात काय घ्यायचं, दारातून आत येताना कशाला हात लावायचा, कुठल्या दिवशी हात थांबवायचे... सगळं त्यात येतं. देवाचा विचार डोक्यात येईल तेव्हा येवो, हातापायांना मात्र आधी वळण लावायचं, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

शनिवारचंच बघा. शुक्रवारी सूर्य मावळला की "शब्बाथ" लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की सुटतो. त्या वेळात काय करायचं नाही ह्याची यादी इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या ग्रंथात आहे. नांगरणं, पेरणं, मळणं, विणणं, लिहिणं, विस्तव पेटवणं अशी 39 प्रकारची कामं. पुढच्या पंडितांनी त्यांच्या पोटात आणखी कामं बसवली. ऑलिव्ह पिळून तेल काढणं हे त्यांनी मळणीच्या खात्यात टाकलं. तोराचा नियम बैलालाही लागू आहे : त्या दिवशी मालकाबरोबर त्याचा बैलही विसावला पाहिजे.

हे काही म्युझियममधलं प्रकरण नाही. मी पूर्वी ज्या प्रोजेक्टवर होतो तिथे इस्राएलची टीम होती. त्यांचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि शुक्रवारी दुपारनंतर काही मंडळी फोनच काय, मेलसुद्धा बघत नसत. तिकडे शनिवारी बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्टही असतात, कारण विजेचं बटण दाबणं शब्बाथला चालत नाही. इंजिनिअर माणसाला अशा गोष्टी ऐकून बरं वाटतं. असो.

मुद्दा असा की अलिबागच्या शनवार तेल्याकडे मिश्ना नव्हता. त्यांची परंपरागत कथा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि पोथ्या समुद्रात गेल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावला आज स्मारक आहे. ही कथा कुठल्या शतकातली ह्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण ग्रंथ नाही, राब्बी नाही, हिब्रू येत नाही, अशा अवस्थेत ही माणसं पिढ्यानपिढ्या जगली हे खरं. मग उरलं काय? आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खवले आणि पर असलेलीच मासळी, काही सण, काही उपास, आणि "शेमा" ही देव एकच असल्याची प्रार्थना. सुंता असो, लग्न असो, मयत असो, शेमा म्हणायचा. दुसरं काही येतच नव्हतं!

त्यांच्या सणांची नावं तर ऐकण्यासारखी आहेत. वर्षारंभाचा "नव्याचा सण". त्यानंतर प्रायश्चित्ताचा मोठा उपास, तो "दारफाळणीचा सण". त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात बसायचं, बाहेरच्याशी बोलायचं नाही. पुरीम हा सण फाल्गुनाच्या आसपास येतो म्हणून तो "होळीचा सण". (ज्यू पंचांगही आपल्यासारखंच चंद्राचं. 19 वर्षांत 7 अधिक महिने घालून ते सूर्याशी जुळवतात.) यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपास "बिरड्याचा", कारण उपास सोडताना वालाचं बिरडं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो "अनाशी ढाकाचा सण". हा म्हणजे वल्हांडण, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण. ह्या दिवसांत शास्त्राप्रमाणे घरात आंबवलेली भाकर ठेवायची नसते. कोकणात गुलामीची कथा विसरली गेली. पण आंबट कालवणाचं एक भांडं असायचं, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं, एवढं लक्षात राहिलं. विचार करा, इजिप्त गेलं, मोशे गेला, समुद्र दुभंगल्याची गोष्ट गेली, आणि उरलं फक्त भांड्यावरचं झाकण. ते कुणीतरी आजीने सुनेला सांगितलं, सुनेने तिच्या सुनेला. कारण कुणालाच माहीत नाही. पण झाकण कुणी काढलं नाही.

ह्या झाकणामुळेच पुढे ओळख पटली. कथेप्रमाणे दावीद राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. (कोणी त्याला कित्येक शतकं मागे नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला मानतात.) त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितली. त्यांनी खवल्यांची आणि बिनखवल्यांची वेगळी केली आणि दुसरी आपण खात नाही म्हणाल्या. त्याची खात्री पटली. त्याने काही घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं, तेच पुढे "काझी" झाले. कथा बाजूला ठेवली तरी 1768 चं एक पत्र आहे. कोचीनचे व्यापारी एझेकिएल राहाबी ह्यांनी त्यात ह्या लोकांबद्दल लिहिलं आहे : तेलाचे घाणे चालवतात, शब्बाथ पाळतात, शेमा म्हणतात, बाकी धर्माची माहिती नाही.

मग हळूहळू पुस्तक परत आलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं, "शाआर हाराहामीम", म्हणजे दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. कोचीनहून शिक्षक आले. 1832 साली जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू अर्थात धर्मांतराचा. झालं उलटंच! मराठीतून बायबल आणि हिब्रू हाती आल्यावर बेने इस्राएल ख्रिस्ती फारसे झाले नाहीत, पक्के ज्यू मात्र झाले. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1875 मध्ये हाईम सॅम्युअल किहीमकरांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली शाळा निघाली. 1880 च्या सुमारास तर मराठी कीर्तनं सुरू झाली : आपल्याच धर्तीची कीर्तनं, आख्यान मात्र अब्राहामाचं किंवा मोशेचं. जिथे नामदेवांचं नरसी आहे त्या भागातल्या माणसाला हे ऐकून आनंद होणारच.

आध्यात्मिक वाढ म्हणतात ती मला इथे दिसते. झाकण तेच राहिलं, फक्त ते का ठेवायचं हे कळलं. वल्हांडणाच्या रात्री घरातला मुलगा प्रश्न विचारतो आणि वडील सुटकेची कथा सांगतात, हा त्या सणाचा गाभा. मुंबई-पुण्यात एकोणिसाव्या शतकातच हागादा मराठीत छापला गेला आणि आजीच्या झाकणाला मराठीतून उत्तर मिळालं.

पण पुस्तकाची दुसरी बाजूही आहे. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तिथे लग्न राब्बींच्या हातात. काही राब्बी म्हणू लागले की ह्यांना घटस्फोटाचं आणि दिराने विधवेला मोकळं करण्याचं शास्त्र माहीत नव्हतं. शास्त्रोक्त घटस्फोट न होता बाईने दुसरं लग्न केलं तर त्या मुलांना आणि त्यांच्या वंशजांना इतर ज्यूंशी लग्नाची बंदी. तेव्हा फेब्रुवारी 1962 मध्ये रब्बीनेटने सूचना काढली : बेने इस्राएल माणूस लग्नाला आला तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. ज्यांनी पुस्तकाशिवाय इतकी वर्षं शनिवार पाळला त्यांनाच पुस्तक दाखवून विचारलं गेलं, तुम्ही नक्की आमचे ना?

आणि इथेच गंमत आहे, कडवट गंमत. बेने इस्राएल घरांत घटस्फोट जवळपास नव्हता आणि शेजारच्या हिंदूंसारखाच विधवाविवाहही टाळला जाई. दुसरं लग्नच नाही, तर ते शास्त्रोक्त होतं का हा प्रश्न येतो कुठे? म्हणजे कोकणातल्या शेजाऱ्यांकडून घेतलेल्या चालीनेच त्यांचा वंश हलाखाच्या दृष्टीने निर्दोष ठेवला होता. त्याची किंमत तिथल्या विधवांनी मोजली हेही विसरू नये. शेवटी 1964 च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये आंदोलन झालं, ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बीनेटला सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता इथे थोडीच घरं उरली आहेत. पण शुक्रवारच्या आशीर्वादाला द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचं सरबत, मटणाबरोबर दूध चालत नाही म्हणून नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा, आणि नवस फेडताना एलियाहू हानावीच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा, हे ह्या घरांतून अजून चालू आहे. ह्यातलं काय हलाखाचं आणि काय कोकणचं, हे वेगळं काढायला गेलं तर ताटात काहीच उरणार नाही.

आमच्या लातुरात गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज पूजा करणारी माणसं आहेत, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या गल्ल्यांतून हातात कडं आणि डोक्यावर केस राखणारी. प्रत्येकालाच सगळं तत्त्वज्ञान तोंडपाठ असेल असं नाही. सुशिक्षित माणूस ह्याला पटकन "आंधळेपणा" म्हणतो, आणि काही चाली मोडायलाच हव्यात हेही खरं. विधवांची चाल त्यातलीच. पण एखादी चाल मोडण्याआधी ती कुणाला त्रास देते आणि कशावरचं झाकण आहे, हे दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? बेने इस्राएलांनी ते भांडं इतकी शतकं झाकून ठेवलं, म्हणूनच पुस्तक परत आलं तेव्हा ते कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न पडला नाही.