तहानेवरील अविश्वास : अतिदीर्घ पल्ल्याच्या धावशर्यतींतील खाणेपिणे (इ. स. १८७० ते २०१५)

प्रस्तावना

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटर अंतराहून अधिक पल्ल्याच्या धावशर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन असे म्हटले जाते. क्रीडेतिहासाच्या लेखनात अशा शर्यतींचे विजेते, त्यांच्या वेळा आणि विक्रम यांची नोंद विपुल आढळते; परंतु आठ-दहा तास किंवा आठ-दहा दिवस धावणारा माणूस वाटेत काय खात होता, काय पीत होता आणि ते ठरवत कोण होते, हा प्रश्न बहुधा तळटीपेतच राहतो. वस्तुतः या प्रश्नाचा इतिहास स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. मानवी शरीर या दीडशे वर्षांत बदललेले नाही; त्याला दिला जाणारा सल्ला मात्र एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला, आणि या प्रवासात काही माणसांचे प्राणही गेले. ‘पाणी पिऊ नका’ आणि ‘शक्य तितके पाणी प्या’ हे दोन्ही सल्ले वरकरणी परस्परविरोधी आहेत. धावणाऱ्याच्या स्वतःच्या तहानेवर विश्वास ठेवता येत नाही, हे गृहीतक मात्र दोहोंतही समान आहे. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनच्या आधारे हे गृहीतक तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पैजेचे चालणे आणि स्नायूंचे इंधन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व इंग्लंडमध्ये पैजा लावून दीर्घ अंतर चालण्याचा खेळ लोकप्रिय झाला होता. सहा दिवस चालणाऱ्या या शर्यती बंदिस्त सभागृहांत भरत आणि तिकीट काढून लोक त्या पाहत. या खेळातील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे एडवर्ड पेसन वेस्टन. वेस्टनच्या खाण्यापिण्यात शास्त्रज्ञांना रस होता, त्याला एक सबळ कारण होते. स्नायू काम करताना स्वतःतील प्रथिनेच जाळतात, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांचे मत होते. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक प्रथिनविरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखरावर चढले व मूत्रातील नायट्रोजन मोजून त्यांनी या मताला धक्का दिला. त्यानंतर १८७० मध्ये न्यूयॉर्क येथे ऑस्टिन फ्लिंट यांनी वेस्टनच्या पाच दिवसांच्या चालण्यात त्याच्या पोटात गेलेला आणि शरीराबाहेर पडलेला नायट्रोजन मोजून लिबिग यांच्या बाजूने पुरावा मांडला. १८७६ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक पेव्ही यांनीही वेस्टनवर असेच निरीक्षण केले. त्याच वर्षी लंडनमधील एका शर्यतीत तो कोकाची पाने चघळत होता, हे उघड झाल्यावर तेथील वैद्यकीय वर्तुळात मोठी चर्चा झाली. आज या चर्चेला उत्तेजकांच्या इतिहासाचा आरंभ मानण्याची पद्धत आहे. त्या काळी मात्र कोकाची पाने आणि गोमांसाचा अर्क यांत आजच्यासारखी नैतिक सीमारेषा कोणी ओढलेली नव्हती.

स्नायूंचे मुख्य इंधन पिष्टमय पदार्थ व मेद हेच आहे, हे पुढे सिद्ध झाले. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंच्या रक्तातील साखर तपासली, तेव्हा थकून कोसळलेल्यांची साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय आहार आणि शर्यतीत गोड गोळ्या दिल्या. परिणाम अनुकूल आला. तरीही या निष्कर्षाचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील ग्लायकोजेन मोजण्याचे तंत्र रूढ झाले, तेव्हा कोठे या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले.

नाताळमधील रस्ता

पीटरमारित्झबर्ग हे नाव महात्मा गांधींच्या १८९३ मधील रेल्वेप्रवासामुळे आपल्या परिचयाचे आहे. याच शहरापासून डर्बनपर्यंत सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत २४ मे १९२१ रोजी प्रथम झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी शर्यत पूर्ण केली. त्या काळी वाटेत आयोजकांची पाणपोई असण्याची पद्धत नव्हती. धावपटूचा मदतनीस सोबत असे, नाहीतर रस्त्यावरील हॉटेले होतीच.

१९२२ च्या दुसऱ्या शर्यतीत बिल पेन हा रग्बीपटू रग्बीचे बूट घालूनच उतरला. वाटेत त्याने हॉटेलात थांबून अंडी आणि बेकन खाल्ले, दुसऱ्या एका स्पर्धकाबरोबर कोंबडीच्या कढीवर ताव मारला, बिअर घेतली, संत्री खाल्ली, पीच फळाची ब्रँडीही चाखली आणि तरीही आठवा क्रमांक मिळवला. (नाताळमध्ये ‘करी’ रुजली ती १८६० पासून तेथे उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांमुळे, तेव्हा या शर्यतीच्या आहारात भारताचा वाटा असा पहिल्यापासून आहे.) ही कथा बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे. जुन्या काळी धावपटू धावताना पाणी पीतच नसत, हे विधान पुढील साहित्यात वारंवार येते. ते प्रामुख्याने मॅरेथॉनच्या अव्वल धावपटूंच्या आठवणींवर उभे आहे. मधल्या आणि मागच्या फळीतील सामान्य धावपटू भूक लागली की खात होते व तहान लागली की पीत होते, असे पेनच्या उदाहरणावरून दिसते.

त्याच वर्षीचा विजेता आर्थर न्यूटन हा ३९ वर्षांचा शेतकरी होता. त्याने ही शर्यत एकूण पाच वेळा जिंकली. इंग्लंडच्या हवेत मॅरेथॉनसाठी एखाद-दुसरे पेय पुरेसे आहे, असे त्याचे मत असले तरी अधिक लांबच्या धावेत तो स्वतः लिंबाचे साखर-मीठ घातलेले पेय घेत असे. मराठी वाचकाला हे पेय ओळखीचे वाटेल. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे तेच येते.

वर्ज्यतेचा नियम

पाणी वर्ज्य करण्याच्या वृत्तीचे टोक मॅरेथॉनमध्ये दिसते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात आणि धुळीत धावणाऱ्यांसाठी पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. विजेत्या थॉमस हिक्सने पाणी मागितले तेव्हा त्याच्या मदतनिसांनी केवळ तोंड ओले करून दिले. मात्र स्ट्रिक्नीन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी हे सर्व त्याला पाजण्यात आले. ३२ पैकी १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले. पुढे १९५० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिले पेय १५ किलोमीटरनंतर आणि त्यापुढे दर ५ किलोमीटरला मिळत असे. पाच वेळा कॉम्रेड्स जिंकणाऱ्या जॅकी मेकलरच्या सांगण्यानुसार, संपूर्ण मॅरेथॉन पाण्याविना पूर्ण करणे ही त्या काळी तंदुरुस्तीची कसोटी मानली जाई. तहान ही दुर्बलतेची खूण ठरली होती.

सल्ल्याची दिशा बदलते

१९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी मॅरेथॉनमध्ये अपुऱ्या जलसेवनाचा धोका सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुमारे ३ टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्या धावपटूंच्या शरीराचे तापमान वाढलेले त्यांना आढळले. परंतु त्यांच्या निरीक्षणातील सर्वाधिक वजन घटलेले धावपटूच शर्यतीत आघाडीवर होते! अधिक वेगाने धावणाऱ्याच्या शरीरात अधिक उष्णता निर्माण होते, ही साधी शक्यता बाजूला पडली आणि शीर्षकातील ‘धोका’ तेवढा उरला. तत्पूर्वी १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी गॅटोरेड तयार केले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेची १९९६ ची भूमिका अशी होती की, घामावाटे गेलेले सर्व पाणी भरून निघेल इतके, किंवा सहन होईल तितके अधिकाधिक, पाणी प्यावे. तहान लागेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे, हे वाक्य याच काळात सर्वतोमुखी झाले. या संस्थेचे पेयनिर्मात्यांशी असलेले आर्थिक संबंध २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने तपशिलाने मांडले. तथापि सर्व दोष बाजारपेठेवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तहान हा अविश्वसनीय संकेत आहे, ही समजूत बाजाराने निर्माण केलेली नव्हती. ती त्याला आयती मिळाली.

१९८१ ची कॉम्रेड्स हा या कथेतील निर्णायक टप्पा आहे. वर्णभेदी प्रजासत्ताकाच्या २० व्या वर्धापनाच्या सोहळ्याला ही शर्यत जोडल्याच्या निषेधार्थ ब्रूस फोर्डाइस दंडावर काळी पट्टी बांधून धावला आणि जिंकला. त्याच दिवशी मागच्या फळीतील एक महिला धावपटू कोसळली. तिच्या शरीरात पाणी कमी नव्हते, जास्त झाले होते. केपटाऊनचे टिमोथी नोक्स व सहकाऱ्यांनी अशा चार रुग्णांची नोंद १९८५ मध्ये ‘जलविषबाधा’ या अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसिद्ध केली. तिची दखल घेण्यास वैद्यकविश्वाला वीस वर्षे लागली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नोक्स हे या वादाचे इतिहासकार आहेत आणि पक्षकारही. त्यांचा २०१२ चा ‘वॉटरलॉग्ड’ हा ग्रंथ पुराव्यांनी समृद्ध असला तरी तो एका बाजूच्या वकिलाने लिहिलेला आहे, याचे भान ठेवूनच वाचावा लागतो.

या विकाराची यंत्रणा आता बरीच स्पष्ट आहे. दीर्घ श्रमाच्या ताणामुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवत राहते व मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकत नाहीत. त्यावर पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली उतरते, मेंदूला सूज येते आणि झटके, बेशुद्धी, क्वचित मृत्यूही ओढवतो. मीठ असलेले क्रीडापेयही यातून वाचवीत नाही, कारण त्यातील सोडियमचे प्रमाण रक्ताच्या तुलनेत फारच कमी असते. धोका मुख्यतः संथ धावपटूला असतो. त्याला घाम कमी येतो, वेळ अधिक मिळतो आणि प्रत्येक पाणपोईवर थांबायला उसंत असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांच्या एका महिलेचा या विकाराने मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी आढळले आणि शर्यतीत वाढलेले वजन हा त्याचा सर्वांत ठळक निदर्शक ठरला. सल्ला पाळणारेच येथे आजारी पडत होते, ही बाब कोणत्याही अध्यापकाने विचारात घेण्याजोगी आहे.

खाद्याचा प्रश्न त्या मानाने सौम्य राहिला. ६० किलो वजनाच्या धावपटूला ९० किलोमीटरसाठी ढोबळमानाने ५,४०० किलोकॅलरी लागतात. आतडी मात्र तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज शोषू शकतात आणि सोबत फ्रुक्टोज असल्यास ९० ग्रॅमपर्यंत. म्हणजे तूट कधीच पूर्ण भरत नाही; ती शरीरातील मेदानेच भरून काढावी लागते. १९८० च्या दशकापासून पिळून खाण्याची जेल आली, तरी कॉम्रेड्सच्या मार्गावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि केळी टिकून आहेत. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याहून तेथे जाणाऱ्या धावपटूंनाही हेच खाद्य परके वाटत नसावे.

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे झालेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तहान लागेल तेव्हाच पिण्याचा सल्ला दिला. परिषदेने उपचारांचाही विचार केला, आणि व्यवहारात तोच भाग अधिक कठीण आहे. कोसळलेल्या धावपटूला निर्जलीकरण झाले असेल असे गृहीत धरून सलाइन लावण्याची सवय अनेक दशकांची आहे. जलाधिक्याच्या रुग्णाला मात्र तेच घातक ठरू शकते. त्याला ३ टक्के तीव्रतेच्या लवणद्रावाची १०० मिलिलिटरची मात्रा द्यावी लागते. त्यासाठी शर्यतीच्या तंबूतच रक्तातील सोडियम मोजण्याची सोय हवी, कारण मळमळ, डोकेदुखी आणि भ्रमिष्टपणा अशा अवस्थेत आलेला धावपटू पाणी कमी पडल्याने आजारी आहे की जास्त झाल्याने, हे नुसते पाहून सांगता येत नाही.