फलकावरची नावे : वर्ध्यातील नियामक मंडळांचे एक वाचन

महाराष्ट्रातील कुठल्याही जुन्या महाविद्यालयात प्राचार्यांच्या दालनाबाहेर एक लाकडी फलक टांगलेला असतो. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सदस्य अशी नावे त्यावर ऑइलपेंटने रंगविलेली असतात. विद्यार्थी त्याखालून तीन वर्षे ये-जा करतात, शिक्षक तीस वर्षे करतात, आणि बहुधा कोणीही तो फलक वाचत नाही. आम्ही साहित्याच्या अभ्यासातील माणसे. जाहिरातीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सारे काही संहिता म्हणून वाचण्याची सवय आम्ही स्वतःस लावून घेतली आहे. मग ज्या संहितेवर आपली नेमणूक, आपला अभ्यासक्रम आणि आपल्या वर्गाचे छप्पर अवलंबून असते, ती तेवढी वाचायची राहावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

प्रस्तुत लेखात आम्ही असे वाचन वर्ध्याच्या निमित्ताने करून पाहणार आहोत. वर्धा निवडण्याचे कारण असे की, शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नाची जवळजवळ सर्व उत्तरे या एका लहान गावात गेल्या शंभराहून अधिक वर्षांत देऊन झाली आहेत.

प्रथम तुलनेसाठी पुण्याकडे पाहू. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने एक वेगळी घटना स्वीकारली होती. देणगीदार आणि प्रतिष्ठित यांचे नियामक मंडळ असले, तरी संस्थेचा दैनंदिन कारभार आजीव सदस्यांकडे, म्हणजे अल्प वेतनावर दीर्घकाळ अध्यापन करण्यास बांधलेल्या शिक्षकांकडे होता. शिकविणाराच चालविणारा, असे ते तत्त्व. या तत्त्वाचे तेज आणि त्याची अडचण दोन्ही लवकरच दिसली. आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, त्यागाची मर्यादा कोठवर, या वादातून टिळक १८९० मध्ये संस्थेबाहेर पडले. आपण हा वाद सहसा टिळक-आगरकरांच्या स्वभावभेदाचा म्हणून वाचतो. तो शिक्षणसंस्थेच्या घटनेचाही वाद होता, हे आपल्या ध्यानी कमी येते.

वर्ध्याची सुरुवात निराळी. येथे शिक्षक एकत्र येऊन संस्था उभी राहिली नाही. एका व्यापारी समाजाने आपल्या मुलांची सोय म्हणून ती उभारली. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये राजस्थानात सीकरजवळ झाला आणि वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यात ते दत्तक आले. त्यांनी आणि वकिलीच्या व्यवसायात असलेल्या श्रीकृष्णदास जाजू यांनी १९१४ मध्ये मारवाडी शिक्षा मंडळाची स्थापना केली. ‘मारवाडी’ हे विशेषण त्या काळास धरूनच होते. जातवार वसतिगृहे, जातवार शिष्यवृत्त्या आणि जातवार शाळा हा त्या पिढीच्या शैक्षणिक प्रयत्नांचा रूढ मार्ग होता. पुढे मंडळाच्या नावातून हे विशेषण गळाले आणि केवळ ‘शिक्षा मंडळ’ उरले. मारवाडी विद्यालयाचे ‘नवभारत विद्यालय’ झाले. एका शब्दाच्या गळण्याने सदस्यांच्या यादीची जात लगेच बदलते असे नव्हे. परंतु मंडळ स्वतःस कोणापुढे उत्तरदायी मानते, हे त्या शब्दाने बदलले. ज्या जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, त्यांच्या संस्थेच्या नावात जातीचा शब्द फार काळ निभणे कठीणच होते.

येथे दोन संस्थापकांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बजाज यांच्याजवळ धन होते. जाजूंनी असहकाराच्या काळात वकिली सोडली आणि उर्वरित आयुष्य चरखा संघासारख्या रचनात्मक कामांत घालविले. म्हणजे एकाचे आसन दात्याचे, तर दुसऱ्याचे कार्यकर्त्याचे. पुण्यात शिक्षकाकडे असलेली जागा वर्ध्यात कार्यकर्त्याकडे आली, असे म्हणता येईल. वर्ध्याच्या मंडळांचा पुढील इतिहास या दोन आसनांमधील ताणाचा आणि मेळाचा इतिहास आहे.

त्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ चा. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती आणि त्यांचे शिक्षणमंत्री परिषदेस उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, आणि त्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव तेथे झाले.

हे सारे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असते. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. शाळा स्वावलंबी असावी, या चौथ्या मुद्द्यावर परिषदेत उघड टीका झाली. शिक्षक मुलांकडून काम पिळून घेणारा मुकादम होईल, ही भीती डॉ. झाकिर हुसेन यांनी बोलून दाखविली. मुलांनी बनविलेला माल बाजारात आला तर तो व्यवसायी कारागिरांशी स्पर्धा करील, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी घेतला. आता समिती नेमायची होती. एखाद्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत असे आक्षेप घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे वाचकांस सांगणे नको. वर्ध्यात मात्र समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे दिले गेले आणि शाह यांचाही तीत समावेश झाला.

त्या समितीची यादी पुन्हा वाचावी. झाकिर हुसेन, निमंत्रक आर्यनायकम्, ख्वाजा गुलाम सैयदैन, विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह आणि आशादेवी. जामिया, शांतिनिकेतन, साबरमती आणि मुंबई यांचे संस्कार येथे एकत्र आलेले दिसतात. आर्यनायकम् मूळचे श्रीलंकेचे तमिळभाषक. विनोबा आणि कालेलकर जन्माने मराठी, परंतु कालेलकरांचे लेखन मुख्यतः गुजरातीत. यजमान संस्थेच्या वतीने जाजू होते. स्त्री एकच, आशादेवी. शेतकरी, कारागीर किंवा प्राथमिक शाळेतील शिक्षक एकही नव्हता. ज्या सुताराच्या आणि विणकराच्या कौशल्यावर सगळी योजना उभी होती, त्याला यादीत स्थान नव्हते. हा दोष आज आपल्याला स्पष्ट दिसतो, आणि तो नोंदविलाच पाहिजे.

तरीही या यादीने एक गोष्ट साधली. २ डिसेंबर १९३७ रोजी समितीने अहवाल दिला. योजना कोणत्याही अर्थाने स्वावलंबी ठरली नाही, तरी ती चांगले शैक्षणिक धोरण म्हणून स्वीकारावी, असा निर्वाळा त्यात होता; आर्थिक बाजूवर अवाजवी भर देण्यातील धोक्याचा इशाराही होता. मूळ कल्पनेचा कल बदलला. बदल घडविणारे आक्षेप बाहेरून आलेले नव्हते. ते समितीत बसलेल्यांचे होते. विरोधकास आत घेतल्याने संस्थेचा निर्णय कसा सुधारतो, याचे इतके ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. १९३८ मध्ये सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला तो या अहवालाच्या आधारावर.

यानंतर तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, शिक्षा मंडळाने गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. हे नाव मुंबईच्या विख्यात कापूस व्यापाऱ्याचे. गावापासून काही मैलांवर चरखा आणि तकली यांवर नवे शिक्षण रचले जात असताना, गावात वाणिज्याची पदवी देणारे आणि नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय निघाले, यात कोणास विसंगती दिसेल. आम्हांस ती मंडळाच्या स्वभावाशी सुसंगत वाटते. विदर्भ हा कापसाचा मुलूख. त्याच कापसाचे सूत आश्रमात निघत होते आणि त्याच कापसाचा सौदा बाजारात होत होता. मंडळावर दोन्ही जगांतली माणसे होती.

या महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अगरवाल हे १९३७ च्या परिषदेच्या आयोजनातही होते आणि जमनालालजींचे जावईही होते. ‘घरचाच माणूस’ हा आक्षेप त्यामुळे सहज सुचतो. परंतु याच प्राचार्यांना १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास घडला, आणि १९४४ मध्ये त्यांची ‘गांधीवादी योजना’ प्रसिद्ध झाली, तीही मुंबईच्या उद्योगपतींची योजना चर्चेत असताना. ज्या संस्थेचा आधारस्तंभ एक उद्योगपती, तिच्या वाणिज्य महाविद्यालयाचा प्राचार्य उद्योगपतींच्या योजनेला पर्याय मांडतो! नातेसंबंध हे मंडळांचे जुने दुखणे खरे; पण नात्यातल्या माणसाने स्वतंत्र विचार केलाच नसेल, असे गृहीत धरता येत नाही. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निवर्तले. त्यांच्या घराण्याचा मंडळाशी संबंध पुढील पिढ्यांतही राहिला.

स्वातंत्र्यानंतर यादीत एक नवे आसन आले, ते शासनाचे. याचे वर्ध्यातील बोलके उदाहरण सेवाग्रामचे. डॉ. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, या सोसायटीने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खर्चाची वाटणी ठरली ती अशी : निम्मा भार केंद्राचा, चौथा हिस्सा राज्याचा आणि चौथा हिस्सा सोसायटीचा. म्हणजे तीन चतुर्थांश पैसा सरकारी, आणि कारभार नोंदणीकृत सोसायटीचा. नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमातील शिबिर, खादी, श्रमदान, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेणे, प्रवेशपरीक्षेतील गांधीविचारांची प्रश्नपत्रिका, ही संस्थेची ओळख या स्वायत्ततेमुळे घडली. पुढे देशभर एकच वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आली आणि ती प्रश्नपत्रिका गेली. प्रवेशाचा निकष ठरविण्याचा अधिकार मंडळाच्या हातून सुटला, की संस्थेच्या वेगळेपणातले किती उरते, हा प्रश्न त्या एका प्रश्नपत्रिकेने मागे ठेवला आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. १९७५ मध्ये नागपूरला भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात या कल्पनेचा उच्चार झाला आणि १९९७ मध्ये संसदेच्या कायद्याने ते विश्वविद्यालय अस्तित्वात आले. राष्ट्रपती हे त्याचे कुलाध्यक्ष. कार्यपरिषद कायद्याने घडलेली. पहिले कुलपती नव्हेत, पहिले कुलगुरू होते कवी अशोक वाजपेयी. आरंभीची काही वर्षे कारभार दिल्लीतून चालला. पत्ता वर्ध्याचा आणि बैठक दिल्लीत! येथे ना गावचा दाता, ना गावचा कार्यकर्ता. मंडळ कोठे बसते, यावरूनही ते कोणाचे आहे हे कळते.

आणि शिक्षक? संलग्न महाविद्यालयांत त्याला हक्काची जागा मिळण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने स्थानिक व्यवस्थापन समितीत शिक्षकांनी निवडलेले तीन प्रतिनिधी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी यांची तरतूद केली. २०१६ च्या कायद्याने तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. तीत निवडून आलेल्या तीन शिक्षकांपैकी किमान एक स्त्री असावी लागते, माजी विद्यार्थ्याला जागा आहे, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य आहेत, आणि वर्षातून किमान चार बैठका बंधनकारक आहेत. कागदावर ही यादी १९३७ च्या यादीपेक्षा अधिक लोकशाहीची आहे. परंतु संस्थेची मालमत्ता, नेमणुका आणि धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज हे सारे मूळ संस्थेच्या कार्यकारिणीकडेच राहते. विद्यार्थी परिषदेच्या २०१९ मध्ये व्हावयाच्या निवडणुकाही लांबणीवर टाकल्या गेल्या. जागा कायद्याने मिळते; त्या जागेवर बसून बोलण्याचे बळ कायदा देत नाही.

मराठी कादंबरीने हे केव्हाच ओळखले होते. भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जातो, तेव्हा संस्थाचालकांचे जग प्राध्यापकाच्या नजरेतून, म्हणजे टेबलाच्या अलीकडून दिसते. टेबलाच्या पलीकडची बाजू मात्र आपल्याला बहुतेक गौरवग्रंथांतून आणि महोत्सवी स्मरणिकांतूनच कळते. एकीकडे उपहास, दुसरीकडे आरती. आणि या दोहोंच्या मध्ये जी कागदपत्रे असतात, ती कपाटात.

त्यांतील सर्वांत उपयुक्त म्हणजे सभेचे इतिवृत्त. त्याची भाषा ठरीव असते : सूचक, अनुमोदक, आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते संमत’. या ‘सर्वानुमते’मध्ये किती मते विरघळली, हे शोधणे हा इतिहासाचा आणि साहित्याचाही अभ्यास आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्याच महाविद्यालयाची जुनी इतिवृत्ते परवानगीने वाचावीत आणि आपल्या गावातील दाता, कार्यकर्ता, शिक्षक व शासन यांची आसने कशी मांडली गेली हे लिहून काढावे, असे आम्ही सुचवितो. हे काम झाले नाही, तर आपल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास देणगीच्या आकड्यांचा आणि कोनशिलांचाच राहील.

वर्ध्याच्या त्या समितीत, मूळ कल्पनेला हरकत घेणाऱ्यालाच अध्यक्ष केले गेले. आपापल्या महाविद्यालयाच्या फलकापुढे उभे राहून आता एवढेच पाहावे की, या नावांपैकी कोणी कधी हरकत घेतली होती काय, आणि घेतली असल्यास पुढच्या फलकावर त्याचे नाव राहिले काय.