दोन सूटकेस आणि सहा एकर

प्रतिभाताई पाटील यांच्या राष्ट्रपतिपदाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत हमखास दोन तट पडतात. एक गट म्हणतो, "परदेश दौऱ्यांवर दोनशे कोटी उडवले, दुसरं काय केलं?" दुसरा गट (हा मुख्यतः अमरावतीकडचा!) म्हणतो, "पहिली महिला राष्ट्रपती, तीही आपली मराठी, विदर्भाची सून. दिल्लीवाल्यांना बघवलं नाही." मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. म्हणून हा जरा सविस्तर हिशोब.

सुरुवात भंडाऱ्यापासून करतो, कारण या पदाचा आणि आपल्या जिल्ह्याचा एक धागा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा राष्ट्रपती म्हणजे कोण हे त्यांनी अगदी साध्या शब्दांत समजावून सांगितलं होतं. इंग्लंडात राजाचं जे स्थान, तेच इथे राष्ट्रपतीचं. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राज्य करत नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात, तो शिक्का म्हणजे राष्ट्रपती. पुढे १९५४ मध्ये हेच बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. जुनी मंडळी ही आठवण अजून काढतात. ती निवडणूक बहुतेकांच्या लक्षात आहे, पण शिक्क्याची ती उपमा फारशी कुणाला ठाऊक नसते. प्रतिभाताईंबद्दलचा सगळा वाद समजून घ्यायला मला ती फार उपयोगी वाटते.

कारण शिक्का कागदावर उमटतो, पण मजकूर दुसऱ्याचा असतो. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर स्पष्टच लिहून टाकलं. (४४ व्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली, एवढंच.) मग राष्ट्रपतीवर टीका करताना पहिला प्रश्न हा हवा, की ही गोष्ट शिक्क्याची होती की तो शिक्का हातात असलेल्या माणसाची?

आता २०५ कोटी घ्या. मार्च २०१२ मध्ये माहिती अधिकारातून हा आकडा बाहेर आला. १२ दौरे, २२ देश. त्यातले १६९ कोटी एअर इंडियाच्या चार्टर विमानाचे आणि सुमारे ३६ कोटी परराष्ट्र खात्याने राहणं, स्थानिक प्रवास, भत्ते वगैरेंवर केलेले. आकडा मोठाच आहे, डोळे पांढरे व्हावेत असा. पण राष्ट्रपती परदेशी कुठे आणि कधी जाणार, हे सरकार ठरवतं. विमान एअर इंडियाचं, म्हणजे तेव्हा सरकारचंच. एका खिशातून दुसऱ्या खिशात. दौऱ्यांत कुटुंबातली माणसंही असत, त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण दौऱ्यांचा मुख्य जाब मागायचा तर तो सरकारला मागायला हवा होता.

आणखी एक गोष्ट विसरू नये. असा हिशोब मागता येणं हीच मुळात नवी गोष्ट होती. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये झाला (अण्णा हजारेंच्या आंदोलनाचं त्यात मोठं श्रेय) आणि देशाचा २००५ मध्ये. राजेंद्रबाबूंच्या किंवा गिरींच्या काळात सामान्य माणसाने असा अर्ज टाकून बिलं मागवायची सोयच नव्हती. प्रतिभाताईंची पाचही वर्षं या कायद्याच्या उजेडात गेली.

दयेच्या अर्जांचंही तसंच. त्यांच्या काळात तीसहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यावर गदारोळ झाला. कर्नाटकातला एक कैदी तर २००७ मध्येच तुरुंगात वारला होता आणि त्याला 'दया' मिळाली २०१२ मध्ये! लोक हसले, चिडले. पण या फायली गृहखात्याच्या शिफारशीने येतात. शेवटची सही राष्ट्रपतींची असली, तरी फाईल तयार करणाऱ्यांनी माणूस जिवंत आहे की नाही हे पाहिलं नाही. ढिसाळपणा कुणाचा, हे उघड आहे.

म्हणजे ज्या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला, त्या मुख्यतः शिक्क्याच्या होत्या. पण तेवढ्याने अमरावतीच्या गटाने टाळ्या वाजवू नयेत. दुसरा ढीग अजून बाकी आहे.

निवृत्तीनंतर राहायला पुण्यात खडकी इथे लष्कराच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं होतं. जमीन सुमारे २ लाख ६० हजार चौरस फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सहा एकर. दोन-अडीच एकर धानावर अख्खं घर चालवणारी कुटुंबं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत, त्यामुळे सहा एकर म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. सगळं नियमात आहे, असं राष्ट्रपती भवनाचं म्हणणं होतं. पण पुण्यातले माजी सैनिक उठले. सैनिकांच्या कुटुंबांना घरं मिळत नाहीत आणि तिन्ही दलांच्या सरसेनापतीला एवढी जागा कशाला, हा त्यांचा प्रश्न. एप्रिल २०१२ च्या शेवटी प्रतिभाताईंनी ते घर सोडलं. सोडलं हे चांगलंच झालं. पण इथे मंत्रिमंडळाचा सल्ला आडवा येत नव्हता. "एवढं नको" हे एक वाक्य त्यांना वाद होण्याआधीच म्हणता आलं असतं.

भेटवस्तूंचंही तेच. राष्ट्रपतीला मिळालेल्या भेटी व्यक्तीच्या नसतात, पदाच्या असतात. त्यासाठी तोशाखाना आहे. प्रतिभाताईंच्या काळातल्या दीडशेहून अधिक वस्तू अमरावतीला त्यांच्या कुटुंबाशी संबंधित शिक्षणसंस्थेच्या संग्रहालयात गेल्या. रीतसर करार होता, वस्तू उसन्या दिल्या होत्या. तरी पुढे त्या परत मागवल्या गेल्याच.

आणि २००९ ची अमरावतीची विधानसभा. राज्यमंत्री असलेल्या सुनील देशमुखांचं तिकीट कापून काँग्रेसने ते राष्ट्रपतींच्या मुलाला, रावसाहेब शेखावतांना दिलं. देशमुख बंडखोर म्हणून लढले आणि थोडक्यात हरले. तिकीट पक्षाने दिलं, हे खरं. पण राष्ट्रपतीला पक्ष नसतो असं आपण शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकतो, आणि तो धडा त्या वर्षी अमरावतीत कुणी मनावर घेतला नसेल.

यातलं काहीही बेकायदेशीर नव्हतं असं मानलं, तरी एक गोष्ट उरते. ज्या पदाला स्वतःची सत्ता नाही, त्याच्याकडे भांडवल एकच असतं, लोकांचा विश्वास. राजेंद्रबाबूंनी घटनेने ठरवलेला दहा हजारांचा पगारही पूर्ण घेतला नाही आणि निवृत्त झाल्यावर ते पाटण्याच्या सदाकत आश्रमात जाऊन राहिले. कलामांचे नातेवाईक, पन्नासच्या वर माणसं, २००६ मध्ये राष्ट्रपती भवनात राहून गेले, तेव्हा त्यांनी साडेतीन लाखांचं बिल स्वतःच्या खिशातून भरलं. जाताना त्यांच्या दोन सूटकेस होत्या, हे तर पोराटोरांनाही पाठ आहे. देशाच्या बजेटात हे पैसे म्हणजे चिल्लर. पण अशाच चिल्लरीवर त्या पदाची पत उभी राहते. प्रतिभाताईंचं दुर्दैव असं, की त्या कलामांच्या पाठोपाठ आल्या. दोन सूटकेसच्या शेजारी सहा एकर फारच मोठे दिसले.

त्यांच्या बाजूचं सांगितलं नाही तर अन्याय होईल. १९६२ मध्ये जळगावातून आमदार, तेव्हा वय सत्तावीस. त्या काळात बाईमाणसाने पुढारी होणं किती अवघड होतं ते आपल्या आज्यांना विचारा. २५ नोव्हेंबर २००९ ला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोहगावहून सुखोई विमानात बसल्या. २००७ मध्ये शिवसेनाप्रमुखांनी रालोआचा उमेदवार सोडून मराठी म्हणून त्यांना पाठिंबा दिला, तेव्हा आपल्याकडे कित्येकांना मनापासून आनंद झाला होता. मलाही.

पण त्या आनंदाने आपल्याला एक वाईट सवय लावली. हिशोब मागणारा प्रत्येक जण आपल्याला महाराष्ट्राचा शत्रू वाटायला लागला. खरं तर खडकीच्या जमिनीवर आवाज उठवणारे पुण्याचेच होते. परक्याकडून जाब मागणं सोपं असतं, त्यात भावकी दुखावत नाही. आपल्या माणसाला "एवढं नको" असं वेळेवर सांगणारा कुणी असता, तर प्रतिभाताईंच्या नावापुढे आज २०५ कोटी आणि सहा एकर आधी आठवले नसते.

असो. हीच चाळणी आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला आणि गावच्या सरपंचालाही लागू पडते. वरून काय आलं आणि त्याने स्वतः काय निवडलं, हे आधी वेगळं करायचं. मग जे त्याने स्वतः निवडलं त्याचा जाब मात्र मागायचा, तो आपल्या नात्यातला असला तरी.