पासंगाचा दगड

'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही,' असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. हिंदी-उर्दूतही हा शब्द जवळपास याच तुच्छतेने येतो. पासंग म्हणजे तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला लावलेला बारीक दगड किंवा लोखंडाचा तुकडा. शब्द फारसीतून आलेला. त्यातला 'संग' म्हणजे दगडच. माल मोजायचा असतो, वजनमापाला किंमत असते. पासंग मात्र कोणी मोजत नाही. दुर्बिणींच्या इतिहासावरच्या एका मजकुराचे भाषांतर करताना 'काउंटरवेट'साठी शब्द शोधायची वेळ आली. 'प्रतिभार' हा शुद्ध शब्द हाताशी होता, पण मन पुन्हापुन्हा पासंगाकडेच जात होते. त्या शब्दावर आपण अन्याय केला आहे असे वाटू लागले, ते एका दुर्बिणीमुळे.

१८२४ साली म्युनिकच्या योझेफ फ्राउनहोफर याने घडवलेली दुर्बीण रशियन साम्राज्यातल्या डोरपाट इथल्या वेधशाळेत पोहोचली. डोरपाट म्हणजे आजच्या एस्टोनियातले तार्तू. भिंगाचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर, नळीची लांबी चार मीटरच्या वर. भिंगाच्या दुर्बिणींत तेव्हा जगात याहून मोठी नव्हती. इतिहासात नाव झाले ते भिंगाचे. पण त्या भिंगाचा उपयोग होऊ शकला, याचे श्रेय नळीखालच्या जोडणीलाही आहे.

अडचण जुनी होती. पृथ्वी फिरते, म्हणून तारा तासाला १५ अंशांनी सरकतो; दुर्बीण जितकी ताकदवान, तितका तो नजरेसमोरून लवकर निसटतो. विल्यम हर्शेलची १७८९ मधली ४० फुटी दुर्बीण लाकडी सांगाड्यात दोरखंडांनी टांगलेली होती आणि ती हलवायला मजूर लागत. फ्राउनहोफरने एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे तार्तूच्या अक्षांशानुसार सुमारे ५८ अंशांनी कललेला ठेवला. हा एकच अक्ष पृथ्वीच्या उलट दिशेने संथ फिरवला की तारा जागेवर थांबतो. या अक्षाच्या वरच्या टोकाला त्याने दुसरा अक्ष आडवा बसवला आणि त्याच्या एका टोकावर नळी.

आता सगळा भार एका बाजूला लोंबकळणार. म्हणून आडव्या अक्षाच्या दुसऱ्या टोकाला वजन. कोकणातल्या विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको: आडव्या लाकडाच्या मागच्या टोकाला धोंडा बांधला की पाण्याने भरलेले भांडे हलक्या हाताने वर येते. फ्राउनहोफर इथेच थांबला नाही. त्याची नळी लाकडी होती आणि इतकी लांब नळी स्वतःच्या भाराने वाकते. ते वाकणे सावरण्यासाठी नळीच्या बाजूंना लांब दांडे आणि त्यांच्या टोकांना वजने लावली होती. एका अर्थाने ही दुर्बीण म्हणजे पासंगांचीच रचना होती. ती तोललेली होती म्हणूनच, खाली उतरणाऱ्या एका वजनावर चालणारे घड्याळासारखे यंत्र तिला ताऱ्यामागे फिरवू शकत होते.

असे मृत वजन टाळता येत नाही का? येते. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण १९१७ मध्ये एका मोठ्या चौकटीच्या आत बसवली. तिथे बाजूला लोंबणारी नळी नाही, त्यामुळे असे प्रतिवजनही नाही. पण उत्तरेकडचा आधार आडवा येतो आणि ध्रुवाजवळचे आकाश तिला दिसत नाही. फ्राउनहोफरच्या जोडणीला सारे आकाश खुले होते. त्याची किंमत म्हणजे काहीही न पाहणारे ते वजन, आणि तारा मध्यान्हरेषा ओलांडू लागला की नळी खांबावर आपटू नये म्हणून तिला दुसऱ्या बाजूला वळवून घेण्याची कटकट.

आजही हौशी निरीक्षक हीच जोडणी वापरतात. नळीवर कॅमेरा चढवला की तोल जातो आणि समोर वजन वाढवावे लागते. हिशेब साधा आहे: वजन गुणिले अंतर. अक्षापासून २० सेंटिमीटरवर १० किलोची नळी असेल, तर समोर २० सेंटिमीटरवर १० किलो चालतील, किंवा ४० सेंटिमीटरवर ५ किलो. दुसरा मार्ग स्वस्त, पण फसवा. तोल दोन्हींत सारखाच, मात्र फिरण्याला त्या वजनाचा होणारा विरोध दुसऱ्या मार्गात दुप्पट. कारण तो अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वाऱ्याने बसलेला धक्का शमायलाही मग वेळ लागतो. म्हणून जाणकार म्हणतात, जास्त वजन लावा, पण जवळ लावा. आणखी एक गंमत: तोल अगदी काटेकोर साधला तर चाकांचे दाते सैल पडून मागेपुढे डुलतात. म्हणून पूर्वेची बाजू मुद्दाम किंचित जड ठेवतात, म्हणजे दाते कायम एकाच बाजूने टेकलेले राहतात.

डोरपाटला फ्रीडरिश श्ट्रूवेने या सहज फिरणाऱ्या दुर्बिणीतून १८२५ ते १८२७ या दोन वर्षांत सुमारे १,२०,००० तारे तपासले आणि ३,११२ जोडताऱ्यांची यादी केली. अवजड नळी ढकलत हे झाले नसते. पुढे १८३७ मध्ये त्याने अभिजित ताऱ्याचे विस्थापन मोजून प्रसिद्ध केले: एका विकलेचा आठवा भाग. आजच्या मूल्याच्या ते अगदी जवळ आहे. नंतरच्या निरीक्षणांवरून त्याने स्वतःच तो आकडा जवळपास दुप्पट केला, आणि ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा खात्रीने मोजल्याचा मान १८३८ मध्ये बेसेलकडे गेला. बेसेलचे उपकरणही फ्राउनहोफरच्याच कार्यशाळेतले होते.

ही यादी पाहायला फ्राउनहोफर उरला नाही. काच-कारागिराच्या घरी उमेदवारी करणारा हा पोरका मुलगा १८०१ मध्ये कोसळलेल्या घराखालून जिवंत निघाला होता. १८२६ च्या जूनमध्ये क्षयाने गेला तेव्हा ३९ वर्षांचा होता. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा त्याने मोजल्या होत्या, तरी बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीत त्याला बरोबरीचे स्थान द्यायला विरोध झाला. आक्षेप असा, की हा कारागीर आहे, विद्वान नव्हे. त्या विद्वानांच्या लेखी तो पासंगालाही पुरत नव्हता.

त्याच्या थडग्यावर दोन लॅटिन शब्द कोरले होते: 'अप्रॉक्सिमाव्हिट सिदेरा'. त्याने तारे जवळ आणले. तार्तूच्या जुन्या वेधशाळेत, आता ती संग्रहालय आहे, त्याची दुर्बीण अजून उभी आहे. पाहणारा आधी भिंगाकडे बघतो, ते साहजिकच. पण नळीच्या पलीकडच्या टोकाला ते आंधळे वजनही आहे. माझ्या भाषांतरात मी शेवटी 'प्रतिभार' हाच शब्द ठेवला. वाचकाला अडखळायला नको. 'पासंगालाही पुरणार नाही' हे मात्र आता माझ्या तोंडून सहज निघत नाही.